बोगदान : स्लाव्ह लोकांचा देवदत्त

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

पोलंडमध्ये व्रोत्स्वाफला राहतो. इथं 'बोगदान' हे नाव सारखं कानावर पडतं. आमच्या इमारतीची देखभाल करणारे काका बोगदान, कोपऱ्यावरचा किल्ल्या बनवणारा बोगदान. पोलिश बोगदान बहुतेक साठीच्या आसपासचे किंवा पुढचे. ऑफिसात मात्र पंचविशीतला एक युक्रेनी मुलगा आहे, त्याचं नाव बोहदान. नाव एकच, उच्चार वेगळा. एकाच नावाची एका देशात आजोबांची पिढी आणि शेजारच्या देशात नातवंडांची पिढी, हे पाहून मी खोलात शिरलो आणि आता बाहेर यावंसं वाटत नाही.

नावाची फोड अगदी सरळ आहे. 'बोग' म्हणजे देव, 'दान' म्हणजे दिलेला. देवाने दिलेला. आपल्याकडचा देवदत्त.

खरी गंमत 'बोग' या शब्दात आहे. आज पोलिश, चेक, रशियन, युक्रेनी, सर्बियन अशा सगळ्या स्लाव्ह भाषांमध्ये त्याचा अर्थ देव असाच आहे, पण त्याचा जुना अर्थ त्याच्या भावंडांमध्ये अजून जिवंत आहे. पोलिशमध्ये 'बोगाती' म्हणजे श्रीमंत आणि 'उबोगी' म्हणजे दरिद्री. रशियनमध्ये 'बगाती' आणि 'उबोगी', चेकमध्ये 'बोहाती' आणि 'उबोही'. ज्याच्या वाट्याला काही आलं तो श्रीमंत, ज्याच्या वाट्याला काहीच आलं नाही तो गरीब. म्हणजे 'बोग' म्हणजे मुळात वाटा, हिस्सा, दैव. मग तो वाटा देणारा तो बोग.

आता आपले शब्द घ्या. भाग, भाग्य, भगवान, अभागी. धातू तोच : भज्, वाटून देणे. पोलिश म्हातारी एखाद्याबद्दल हळहळून 'उबोगी' म्हणते आणि आमची आजी 'अभागी गं बाई' म्हणायची, तेव्हा दोघींच्या तोंडी एकाच घराण्यातले शब्द असतात.

धान्याला पोलिशमध्ये 'झ्बोझे' म्हणतात. चेकमध्ये तोच शब्द 'झ्बोझी' म्हणजे दुकानातला माल. दोन्ही याच 'बोग'पासून आले आहेत : मुळात संपत्ती, मग एकीकडे त्याचं धान्य झालं आणि दुसरीकडे विकायचा माल. काही अभ्यासक या शब्दाची तुलना थेट संस्कृत 'सुभग'शी करतात.

इथल्या जाणकारांनी भर घालावी. इराणी, संस्कृत, युक्रेनचा इतिहास, कुठूनही. नावांच्या गोष्टी ऐकायला मला मनापासून आवडतात.

मेघना_नाशिक

सुंदर धागा! वाचताना पहिली आठवण झाली ती महाभारतातल्या भगदत्ताची. प्राग्ज्योतिषपूरचा राजा, नरकासुराचा मुलगा, सुप्रतीक हत्तीवर बसून लढणारा. द्रोणपर्वात त्याने अर्जुनावर वैष्णवास्त्र सोडलं आणि कृष्णाने ते स्वतःच्या छातीवर घेतलं. बोगदान म्हणजे अक्षरशः भगदत्तच की!

भग नावाचा वैदिक देव आहे हे माहीत होतं, पण तो पार पोलंडपर्यंत भेटेल असं वाटलं नव्हतं.

कृष्णाकाठ

@मेघना_नाशिक, अगदी! पहिला भाग तर सख्खा आहे. दुसऱ्या भागात थोडा फरक आहे. 'दत्त' आणि स्लाव्ह 'दान' दोन्ही 'दा' या धातूचे, पण प्रत्यय वेगळे. स्लाव्ह 'दान' हा आपल्या 'दान'ला जास्त जवळचा, लॅटिन 'दोनुम'लाही.

ऋग्वेदात तर याहून जवळचं काही आहे. पहिल्या मंडलात 'देवत्तं ब्रह्म गायत' असं आलंय (१.३७.४), देवत्त म्हणजे देवाने दिलेलं. आणि नवव्या मंडलात सोमाकडे मागणं आहे : 'वहा भगत्तिमूतये' (९.६५.१७). भगत्ति म्हणजे भगाचं देणं. नाव म्हणून नाही, पण 'भगाने द्यावं' ही जोडी तिथं तयार आहे.

सातव्या मंडलातलं वसिष्ठांचं भगसूक्त (७.४१) ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं. 'प्रातर्जितं भगमुग्रं हुवेम.' गरीब असो, बलवान असो, राजा असो, प्रत्येक जण भगाला म्हणतो की मला माझा वाटा दे. पाचव्या ऋचेत 'भग एव भगवाँ अस्तु' आहे. भगवान या शब्दात भग कसा बसलाय ते ऋषींनीच उघडून दाखवलंय.

अण्णा_साताऱ्याचे

वा, वा. म्हणजे आपलीच संस्कृती तिकडे गेली होती याचा हा पुरावाच म्हणायचा. संस्कृतातूनच स्लाव्ह भाषा निघाल्या हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, आज खात्री पटली. अभिमान वाटला.

जुनी_वही

अण्णा, तुमचा आनंद समजतो, पण इथं थोडं थांबू या. भाषाशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं म्हणून आग्रहाने लिहिते.

संस्कृत आणि स्लाव्ह ही आई आणि मुलगी नाहीत, चुलत बहिणी आहेत. दोघींची आजी एक, जिचं एक अक्षरही लिहिलेलं सापडलेलं नाही, पण नातींच्या चेहऱ्यावरून तिचा चेहरा बराचसा ओळखता येतो. जुना ऱ्हस्व 'अ' स्लाव्ह भाषांत नियमाने 'ओ' होतो, 'भ'चा 'ब' होतो. म्हणून भग तो बोग. नियम इतका पक्का आहे की तो शेकडो शब्दांना लागू पडतो.

पण या शब्दाची गोष्ट त्याहून गुंतागुंतीची आहे, आणि मला वाटतं त्याहून सुंदर. बहुतेक चुलत भाषांमध्ये देवासाठी 'देव' या कुळातले शब्द आहेत : लॅटिन 'देउस', लिथुआनियन 'दिएवास'. स्लाव्हांनी मात्र 'बोग' घेतला. तसंच कुणी केलं? इराणी लोकांनी. जुन्या फारसीत देव म्हणजे 'बग'. आणि इराण्यांकडे 'दएव' हा शब्द राक्षसाकडे झुकला. स्लाव्हांकडेही 'दिव' नावाचं एक अशुभ सत्त्व आहे, ते जुन्या रशियन काव्यात झाडाच्या शेंड्यावरून ओरडतं.

यावरून एक मोठा गट म्हणतो की देव या अर्थाचा 'बोग' स्लाव्हांनी काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या शक आणि सर्मातियन टोळ्यांकडून घेतला, त्या टोळ्यांची भाषा इराणी कुळातली होती. शेजार होता यात शंका नाही. दोन, द्न्येपर, द्न्येस्तर या नद्यांच्या नावांत इराणी 'दानु' म्हणजे नदी हा शब्द आहे, आजच्या ओसेती भाषेत पाण्याला 'दोन'च म्हणतात. दुसरा गट म्हणतो की बोगाती, उबोगी, झ्बोझे असे घरचे शब्द इतके आहेत की शब्द मुळात स्वतःचाच, शेजाऱ्यांमुळे फक्त त्याला 'देव' हा अर्थ आला. मला दुसरी बाजू पटते. पहिली बाजू मांडणारे लोकही तितकेच मोठे आहेत.

दोन्हींत भारतातून कुणी तिकडे गेलं असं होत नाही. आणि त्याने आपलं काही कमी होत नाही, अण्णा. नातं नातंच राहतं.

अण्णा_साताऱ्याचे

ताई, एवढं सविस्तर लिहिलंत, आभारी आहे. चुलत बहिणींचं पटलं. मग हे 'बोग' ख्रिस्ती होण्याच्या आधीचं म्हणायचं का?

जुनी_वही

हो, आधीचं. जुन्या रशियन इतिवृत्तात नोंद आहे की सन ९८० मध्ये कीवच्या व्लादिमिर राजाने टेकडीवर देवांच्या मूर्ती उभ्या केल्या. त्यांत पेरून, खोर्स, दाझ्बोग, स्त्रिबोग, सिमार्गल आणि मोकोश होते. 'दाझ्बोग'मधला 'दाझ्' म्हणजे दे! देणारा देव. बोगदान म्हणजे देवाने दिलेला, दाझ्बोग म्हणजे देणारा देव, तीच दोन पदं उलटी.

त्याच व्लादिमिरने ९८८ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पेरूनची मूर्ती नदीत गेली. शब्द मात्र राहिला. त्याच्या शंभरेक वर्षं आधी सिरिल आणि मेथोडियस या भावांनी स्लाव्ह लोकांसाठी ग्रीक धर्मग्रंथ भाषांतरित करताना ग्रीक 'थेओस'साठी 'बोग'च वापरला होता. नवा देव जुन्याच नावाने आला.

त्यामुळे बोगदान हे नाव ख्रिस्ती होण्याच्या आधीचं की ग्रीक 'थेओदोतोस'चं भाषांतर, यावर वाद आहे. दोन्ही शक्य आहे. पण चर्चच्या पंचांगात बोगदान नावाचा संत नाही, म्हणून ऑर्थोडॉक्स घरात मुलाला बोगदान म्हणायचं असेल तर बाप्तिस्म्याचं नाव बहुधा फ्योदोर किंवा फेओदोत असं ठेवतात.

फिरस्ता

इराणचा विषय निघालाच आहे तर भर घालतो.

केरमानशाहजवळ बेहिस्तूनचा कडा आहे. प्राचीन इराणचा राजा दारियस याचा प्रचंड शिलालेख तिथं आहे, इ.स.पू. ५२० च्या सुमाराचा, तीन भाषांत. खाली उभं राहिलं की मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं, एवढ्या उंचीवर कोरलाय. राजा, त्याच्यासमोर दोरीने बांधलेले बंडखोर रांगेत, आणि डोक्यावर पंख पसरलेली अहुरमज्दाची आकृती. या जागेचं जुनं नाव 'बगस्तान'. आपल्या भाषेत सांगायचं तर भगस्थान. ग्रीकांनी त्याचं बगिस्तानोन केलं, घासत घासत ते बिसोतून झालं.

दारियसच्या दुसऱ्या एका शिलालेखाची सुरुवात 'बग वझ्रक अउरमज्दा' अशी आहे : महान देव अहुरमज्दा. आणि 'बगदात' हे माणसाचं नाव जुन्या इराणात होतंच. अलेक्झांडरनंतरच्या काळात पार्स प्रांतात त्या नावाचा एक राजा झाला, त्याची नाणी मिळतात. हा थेट बोगदानचा इराणी भाऊ.

आणि बगदाद! बहुतेक अभ्यासक त्याची फोड मध्य फारसीतून करतात : बग + दाद, देवाने दिलेलं. खलिफा मन्सूरने ७६२ मध्ये तिथं राजधानी वसवली आणि तिला 'शांतीचं शहर' असं अरबी नाव दिलं, पण लोकांच्या तोंडात जुन्या गावाचंच नाव राहिलं.

मेघना_नाशिक

भगदत्त, बगदात, बगदाद, बोगदान. अंगावर काटा आला.

खार्किवकर

मी खार्किवमध्ये एमबीबीएसला होते. २०२२ च्या मार्चमध्ये आम्हाला परत यावं लागलं, पुढचं शिक्षण दुसऱ्या देशात पूर्ण केलं. आमच्या वर्गात, हॉस्टेलच्या ऑफिसात, बसमध्ये, जिथे तिथे बोहदान. जवळच्या लोकांत बोद्या किंवा बोहदानचिक.

युक्रेनमध्ये या नावामागे एकच माणूस उभा असतो : बोहदान ख्मेलनित्स्की. मी तिथं असताना पाच ह्रिव्न्याच्या (तिथलं चलन) नोटेवर तोच असायचा. टोपीत पिसांचा तुरा, लोंबत्या मिशा, मागच्या बाजूला सुबोतिवचं चर्च, ते त्याने स्वतः बांधलेलं. चहाचे पैसे देताना रोज हातात यायचा, म्हणून एका सुट्टीत मुद्दाम त्याच्याबद्दल वाचून काढलं.

जन्म साधारण १५९५ चा. वडील १६२० मध्ये तुर्कांविरुद्ध त्सेत्सोराच्या लढाईत पडले, हा पकडला गेला आणि दोन वर्षं इस्तंबूलला कैदेत होता. तिथं तुर्की शिकला, ती पुढे तातारांशी तह करताना कामाला आली. मग बरीच वर्षं पोलंडच्या राजाची चाकरी. पन्नाशीला आल्यावर एका पोलिश अधिकाऱ्याने त्याचं सुबोतिवचं वतन बळकावलं. दरबारात दाद मागितली, कुणी ऐकलं नाही. तो झापोरोझ्येच्या कझाक या लढवय्या लोकांकडे गेला आणि १६४८ मध्ये त्यांचा हेतमान, म्हणजे सेनापती झाला. त्याच वर्षी झोव्ती व्होदी, कोरसुन आणि पिल्याव्त्सी इथं पोलंडच्या फौजा मोडल्या.

त्या वर्षाच्या शेवटी तो कीवमध्ये शिरला तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांनी आणि धर्मगुरूंनी त्याचं स्वागत करताना त्याला बायबलमधला त्राता मोझेस म्हटलं, आणि म्हटलं की याचं नाव बोहदान आहे ते उगाच नाही, देवानेच दिला. तहासाठी आलेल्या पोलिश वकिलाने हे आपल्या रोजनिशीत टिपून ठेवलंय. म्हणजे नावाचा अर्थ तेव्हाच राजकारणात वापरला जात होता! बाप्तिस्म्याचं नाव खरं तर झिनोव्ही, पण ते आज कुणाला आठवत नाही.

कीवमध्ये सोफिया चौकात त्याचा घोड्यावरचा पुतळा आहे, १८८८ चा. घोडा मागच्या पायांवर, हातातली गदा मॉस्कोच्या दिशेने रोखलेली. १६५४ मध्ये पेरेयास्लावला त्याने मॉस्कोच्या झारशी करार केला, त्यावरून आजही भांडणं आहेत. रशिया म्हणतो एकीकरण, युक्रेनी म्हणतात तात्पुरता तह होता. सोव्हिएत काळात त्या कराराच्या तीनशेव्या वर्षी, १९५४ ला, प्रोस्कुरिव शहराचं नाव ख्मेलनित्स्की केलं, ते अजून तसंच आहे.

२०२२ च्या उन्हाळ्यात काळ्या समुद्रातलं स्नेक आयलंड रशियाकडून परत घेताना युक्रेनच्या ज्या तोफेचं नाव सगळीकडे झालं ती 'बोहदाना'. स्त्रीलिंगी बोहदान. माझ्या जुन्या वर्गमैत्रिणीचं नावही तेच आहे, त्यामुळे बातमी वाचताना पोटात कालवलं.

अण्णा_साताऱ्याचे

१६४८! म्हणजे इकडे शिवाजी महाराज स्वराज्याची घडी बसवत होते तेव्हाच तिकडे हा. वतन गेलं, दरबारात न्याय मिळाला नाही, म्हणून तलवार उचलली. डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं.

समुद्रकाठची

मी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू आहे, मूळ रेवदंड्याची, आता इस्रायलमध्ये अश्दोदला. हा धागा फार आवडला म्हणूनच एक बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या शेजारी ज्यांचे पूर्वज युक्रेन आणि पोलंडचे, त्यांच्या घरात ख्मेलनित्स्कीचं नाव निराळ्या पद्धतीने घेतात. 'ख्मेल' म्हणतात आणि पुढे शिवी लावतात. १६४८ आणि १६४९ या दोन वर्षांत त्याच्या उठावात ज्यू वस्त्याच्या वस्त्या कापल्या गेल्या. नेमिरिव, तुल्चिन ही गावं तिथल्या प्रार्थनांमध्ये आणि शोकगीतांत आली आहेत. पोलिश जमीनदारांची वसुली ज्यूंच्या हाती असायची, राग त्यांच्यावर निघाला, आणि ज्यांचा वसुलीशी काडीचा संबंध नव्हता ते हजारोंनी मेले. अण्णा, महाराजांशी तुलना करताना हे जरूर लक्षात घ्या. महाराजांच्या राज्यात आमच्या लोकांना कोकणात कधी असं भोगावं लागलं नाही.

या कत्तलीची सर्वात प्रसिद्ध नोंद नाथान हानोवर याने केली, त्याचं पुस्तक १६५३ मध्ये व्हेनिसला छापलं गेलं. तो स्वतः तिथून जीव वाचवून पळालेला. आणि नाथान म्हणजे हिब्रूत 'त्याने दिलं'. आमच्याकडे योनातान, नेतानेल, मत्तित्याहू सगळी याच अर्थाची नावं. देवाने दिलेला, हे प्रत्येक आईबापाला वाटतंच.

खार्किवकर

@समुद्रकाठची, तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. पाच ह्रिव्न्याची नोट बघताना ही बाजू आम्हाला कुणी सांगितली नव्हती. धन्यवाद.

अण्णा_साताऱ्याचे

बाई, तुमचं म्हणणं मान्य. तुलना सालापुरतीच ठेवू.

सांजपक्षी

वरती 'प्रत्येक आईबापाला वाटतंच' वाचून राहवलं नाही. मला नावांच्या या बाजूत रस आहे.

बोगदान हे मुळात वाट पाहून झालेल्या मुलाचं नाव. आपल्याकडचं नवसाचं पोर. पण रशियात टाकून दिलेल्या किंवा बापाचं नाव नसलेल्या मुलालाही बोगदान म्हणायची रीत होती. बाप कोण ते ठाऊक नाही, तर देवाने दिला. तेच नाव एका घरात कौतुकाचं आणि दुसऱ्या घरात आडोशाचं. मला त्या रीतीत निष्ठुरपणा दिसत नाही, उलट त्या पोराला गावात उभं राहायला जागा दिल्यासारखं वाटतं.

याच्या शेजारी बाकीची नावं ठेवून पाहा. सर्बियन 'नेनाद' म्हणजे ध्यानीमनी नसताना आलेला. 'स्तोयान' म्हणजे उभा राहिलेला, टिकलेला. मुलं जगत नसतील त्या घरात हे ठेवायचे. आणि 'वुक' म्हणजे लांडगा. सर्बियन भाषेला आजची लिपी आणि शब्दकोश देणाऱ्या वुक काराजिचचा (१७८७-१८६४) जन्म झाला तेव्हा आधीची भावंडं दगावलेली होती. चेटकिणी मुलं खातात पण लांडग्याच्या वाटेला जात नाहीत, म्हणून त्याला वुक ठेवलं.

हे वाचून तुम्हाला दगडू, धोंडू, भिकू, केरबा आठवले नसतील तर नवल! माझ्या पणजोबांचं नाव धोंडू, आधीची चार गेलेली. चेटकीण नाही तर सटवाई. तिकडे लांडगा, इकडे दगड. भाषेचं नातं इथं काहीच नाही, भीती सारखी आहे.

याच वुकने सर्बियन लोकगीतं गोळा केली, आणि त्यांत 'युग बोगदान' आहे. कोसोवोच्या १३८९ च्या लढाईत आपल्या नऊ मुलांसह पडलेला म्हातारा सरदार. गीतात त्यांची आई रणभूमीवर जाते, दहा जणांची प्रेतं बघते आणि रडत नाही. घरी येते, सुना रडतात, नातवंडं रडतात, तरी रडत नाही. मग दोन कावळे तिच्या मांडीवर धाकट्या दाम्यानचा तुटलेला हात टाकतात. सुनेला अंगठी ओळखता येते. आई तो हात उलटसुलट करून बघत राहते आणि तिथंच तिचं काळीज फुटतं. हे मी भाषांतरात वाचलं तेव्हा पुढे काही वाचवेना.

फिरस्ता

@सांजपक्षी, निःशब्द.

एक माहिती राहिली होती : हे नाव एका देशालाही लागलं होतं. चौदाव्या शतकाच्या मध्यात मारामुरेशचा बोगदान नावाचा सरदार कार्पेथियन ओलांडून पलीकडे गेला, हंगेरीच्या राजाला झुगारलं आणि मोल्दाव्हियाचा स्वतंत्र राजा झाला. लोक रुमेनियन बोलणारे, पण दरबाराची आणि चर्चची भाषा जुनी स्लाव्ह, म्हणून नावं स्लाव्ह. पुढे ऑटोमन तुर्कांनी त्या प्रदेशालाच 'बोगदान' म्हणायला सुरुवात केली, कागदोपत्री 'कारा बोगदान'. रुमेनियात आजही नाव जोरात आहे. बल्गेरियात मधल्या डोंगररांगेचं, स्रेद्ना गोराचं, १६०४ मीटरचं सर्वोच्च शिखरही बोगदान.

वरुणराज

हा धागा बास्केटबॉलवाल्यांशिवाय पूर्ण होणार नाही. बोगदान बोगदानोविच (सर्बिया, १९९२) आणि बोयान बोगदानोविच (क्रोएशिया, १९८९) एकाच काळात अमेरिकेच्या एनबीए या स्पर्धेत खेळत होते. दोघांचं काही नातं नाही. बोगदानोविच म्हणजे बोगदानचा वंशज, आपल्याकडच्या वडिलांच्या नावासारखं. म्हणजे पहिल्याचं पूर्ण नाव देवदत्त देवदत्तपुत्र!

कृष्णाकाठ

@वरुणराज, त्याच नावाचा आणखी एक मोठा माणूस होऊन गेला. बोगदान बोगदानोविच (१९२२-२०१०), सर्बियन वास्तुकार, ८० च्या दशकात बेलग्रेडचा महापौरही होता. यासेनोवात्सला दुसऱ्या महायुद्धात छळछावणी होती, तिथं त्याने १९६६ मध्ये उघड्या माळावर काँक्रीटचं प्रचंड फूल उभं केलं. त्यात ना सैनिक, ना मूठ, ना तारा. फोटो शोधून जरूर बघा.

शुभ्रा_के

एक शंका. मिलान, मीरा, नीना, राधा... स्लाव्ह लोकांत आपल्यासारखी इतकी नावं आहेत. ही सगळी अशीच नात्यातली का?

जुनी_वही

शुभ्रा, नाही. आणि हा फरक समजून घेणं मोलाचं आहे. स्लाव्ह 'मिलान' 'मिल' म्हणजे प्रिय या शब्दावरून आलाय, आपल्या 'मिलन'शी संबंध नाही. 'मीरा' त्यांच्याकडे 'मिर' म्हणजे शांतता किंवा जग यावरून. 'राधा' सारखं ऐकू येतं ते 'रादा', 'राद' म्हणजे आनंदी. आवाज जुळला की नातं असतंच असं नाही, आणि बोग-भगसारखं खरं नातं असतं तिथं ते नियमांतून सिद्ध करता येतं.

बोगच्या घरातली इतर नावं हवी असतील तर : बोगुमिल म्हणजे देवाला प्रिय, बोगुस्लाव म्हणजे देवामुळे कीर्ती असलेला, बोझिदार म्हणजे देवाची देणगी. दहाव्या शतकात बल्गेरियात बोगोमिल नावाच्या धर्मगुरूने मोठा पाखंडी पंथच काढला होता.

आणि हाक! बऱ्याच स्लाव्ह भाषांत संबोधन विभक्ती शिल्लक आहे. युक्रेनी आई हाक मारते 'बोहदाने!', सर्बियन 'बोगदाने!', पोलिश 'बोगदान्ये!'. आपण रामला 'रामा' म्हणतो तसं. रशियनमध्ये ही विभक्ती जवळजवळ गेली, पण 'बोझे!' तेवढं राहिलं. 'देवा!'

शुभ्रा_के

मग खरं कारण सांगते. माझा दीर प्रागला असतो, जाऊ चेक आहे. बाळ होणार आहे आणि मुलगा झाला तर बोहदान ठेवायचं म्हणताहेत. सासूबाईंना 'बोहदान' म्हणता येत नाही, त्या 'बोगदा' म्हणतात. आम्ही घरात देवनागरीत काय लिहावं? बारशाच्या पत्रिकेवर छापायचंय.

कृष्णाकाठ

अभिनंदन शुभ्राताई! चेकमध्ये 'ह' स्पष्ट आहे, म्हणून 'बोहदान'च लिहा, 'बोगदान' पोलिश आणि सर्बियन. चेकमध्ये जोर पहिल्या अक्षरावर : बोह्-दान, आणि शेवटचा 'दान' ऱ्हस्व, आपल्या 'मन'मधल्या 'म'पेक्षा मोकळा पण 'दान'इतका लांब नाही. सासूबाईंना म्हणावं 'मोह' म्हणतात तसं आधी 'बोह' म्हणा आणि लगेच 'दन' जोडा. चेक पंचांगात ९ नोव्हेंबरला बोहदानचा नामदिन असतो, त्या दिवशी तिकडचे लोक वाढदिवसासारख्या शुभेच्छा देतात.

सांजपक्षी

आणि घरात हाक मारायला देवदत्त ठेवा की. अर्थ तोच, सासूबाईही खूश.

शुभ्रा_के

सासूबाईंना आत्ताच वाचून दाखवलं. म्हणाल्या, 'मग देवाच म्हणेन मी.' पत्रिकेवर दोन्ही नावं छापतोय. सगळ्यांचे मनापासून आभार.

जुनी_वही

मुलगी झाली तर बोहदाना, तिचा नामदिन ११ जानेवारीला. पत्रिका छापायच्या आधी तेही ठरवून ठेवा.